खेळातून गणित काढून घेतले, तर खेळ उरतो का?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : मी मूळचा घाटावरचा. गेली तीन वर्षे देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीतील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिली ते सातवी मिळून एकतीस मुले आणि आम्ही तिघे शिक्षक आहोत. तिसरी-चौथीचा जोडवर्ग आणि सहावी-सातवीचे गणित माझ्याकडे आहे. मागच्या गणपतीत चाकरमानी मंडळींनी शाळेला दोन टॅब दिले आणि त्यांत गणिताच्या खेळांचे एक अ‍ॅपही घालून दिले. उत्तर बरोबर आले की होडी पुढे जाते आणि नाणी मिळतात. मुले टॅब हातातून सोडत नाहीत, ढिगाने नाणी कमावतात, पण चाचणीत भागाकार आणि संख्यालेखन होते तिथेच आहे. पालकसभेत एका गृहस्थांनी सर्वांसमक्ष सुनावले, ‘खेळूक घर आसा, शाळेत शिकवा.’ मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम पूर्ण होण्याची काळजी आहे. वर्गात खेळ आणावेत का, आणावेत तर ते अभ्यासक्रमाशी जुळवायचे कसे, आणि या दोघांना मी काय सांगू? शाळेच्या कपाटात सापशिडीचे जुने पट पडून आहेत, ते ठेवू की टाकू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅपचे वर्णन करताना तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात, ‘उत्तर बरोबर आले की होडी पुढे जाते,’ आणि माझ्या मते तुमच्या अर्ध्या प्रश्नांचे उत्तर त्यातच आहे. होडी पुढे जाणे आणि भागाकार करणे यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. त्याच होडीपुढे उद्या भागाकाराऐवजी राज्यांच्या राजधान्या विचारल्या, तरी ती तशीच पुढे जाईल. मुलांनी हे तुमच्याआधी ओळखले असणार. चार पर्यायांपैकी एक चुकला तर दुसरा दाबायचा, तोही चुकला तर तिसरा, आणि होडी शेवटी पैलतीराला लागतेच. एकदा एखाद्या मुलाच्या मागे गुपचूप उभे राहा आणि त्याचे डोळे आधी उदाहरणाकडे जातात की पर्यायांकडे, एवढेच पाहा.

वर्गात कोणताही खेळ नेण्यापूर्वी मी स्वतःला एक प्रश्न विचारत असे. यातून गणित काढून घेतले, तर खेळ उरतो का? उरत असेल, तर गणित हे त्या खेळात शिरण्यासाठी द्यावा लागणारा जकातीचा पैसा आहे, आणि जकात चुकवण्याकडे माणसाचा कल असतोच. उरत नसेल, म्हणजे खेळातली चाल हीच त्या पाठातली कृती असेल, तर तो खेळ खुशाल वर्गात न्यावा, मग तो टॅबवरचा असो की चिंचोक्यांचा.

ही कसोटी मला फजितीतून मिळाली. मालवण तालुक्यात नोकरीला लागून पाच-सहा वर्षे झाली असतील. दिवाळीची अख्खी सुटी घालवून मी जाड पुठ्ठ्यावर चाळीस घरांचा एक मोठा पट तयार केला. त्यावर देऊळ, बंदर, होडी, आंब्याची बाग अशी चित्रे काढली, आणि दर पाचवे घर लाल रंगवले. लाल घरात सोंगटी आली की प्रश्नाचे कार्ड उचलायचे, उत्तर बरोबर आले तर पुन्हा दान टाकायचे, चुकले तर एक डाव थांबायचे. तिसऱ्या दिवशी मुले लाल घराला ‘साप’ म्हणू लागली. पाचवीतला एक मुलगा दान पडण्याआधीच बोटांवर हिशेब करून बसायचा, की चार पडले तर लाल घर, पाच पडले तर सुटलो. शेवटी त्याने मला विचारलेच, ‘बाईनु, ह्या खेळात गणित कित्याक हाडलात (कशाला आणलेत)?’ मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण त्या पटावर खरे गणित तोच करत होता. लाल घर चुकवण्यासाठी तो जे मोजत होता ते गणित होते, आणि मी लाल घरात ठेवले होते त्याला तो साप समजत होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक अभ्यास वाचनात आला आणि त्या मुलाची आठवण झाली. जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ या इंग्लंडमधील संशोधकांनी भागाकाराच्या एकाच संगणकीय खेळाच्या दोन आवृत्त्या केल्या होत्या, आणि २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका आवृत्तीत समोर येणाऱ्या सांगाड्याच्या छातीवर एक संख्या असते आणि तिला निःशेष भाग जाईल असेच शस्त्र निवडावे लागते, म्हणजे भागाकार हीच लढाई. दुसऱ्या आवृत्तीत लढाई नुसतीच, आणि तेच भागाकार दोन टप्प्यांच्या मध्ये प्रश्नपत्रिकेसारखे विचारलेले. सारखाच वेळ दिला असता पहिल्या आवृत्तीची मुले अधिक शिकली, आणि मोकळ्या वेळेत हवी ती आवृत्ती निवडू दिली तेव्हा मुलांनी पहिल्या आवृत्तीवर सातपट वेळ घालवला. भागाकार खेळात मुरलेला असला तर मुले त्याला कंटाळत नाहीत, असा मी त्याचा अर्थ घेते.

आता अभ्यासक्रमाशी जुळवण्याबद्दल लिहिते. बाजारात मिळणाऱ्या खेळांवर ‘इयत्ता चौथीसाठी’, ‘अभ्यासक्रमानुसार’ असे छापलेले असते, तेवढ्यावर विसंबू नका. त्या शब्दांचा अर्थ बहुधा इतकाच असतो, की धड्याचे नाव आणि खेळाचे नाव एक आहे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय करता आले पाहिजे याच्या याद्या, प्रसिद्ध केल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांत त्या सुरुवातीच्या पानांवर दिलेल्या असतात. आपण ती पाने उलटून थेट पहिल्या धड्यावर जातो. खेळ निवडताना मात्र त्याच पानांवर थांबा, एक निष्पत्ती घ्या, आणि मग मुलांच्या वह्या काढून त्या निष्पत्तीत मूल नेमके कोठे अडते ते शोधा. ‘भागाकार येत नाही’ ही तक्रार झाली, तिच्यावरून खेळ निवडता येत नाही. ‘भाजकापेक्षा मोठी बाकी उरली तरी मूल थांबते’ हे अडण्याचे ठिकाण झाले, आणि त्या ठिकाणासाठी खेळ शोधता येतो, नाही सापडला तर रचता येतो.

तुम्ही सांगितलेली दोन्ही अडण्याची ठिकाणे मला चांगली परिचयाची आहेत, म्हणून त्यांच्यावरच थोडे सविस्तर लिहिते.

संख्यालेखनापासून सुरू करू. सदतीस लिहायला सांगितल्यावर मूल ७३ लिहिते, कारण त्याच्या कानावर सात आधी पडतो आणि तीस मागून येतो. एकोणतीस हा शब्द तर ‘एक’ने सुरू होऊन ‘तीस’ने संपतो, मग मुलाने ३१ लिहिले यात त्याचा काय दोष? २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर उठलेला गदारोळ तुम्हांला आठवत असेल. वादाची बाजू कोणतीही घ्या, ज्या अडचणीतून तो उपाय पुढे आला होता ती अडचण तुमच्या तिसरीच्या वर्गात अजून तशीच बसलेली आहे.

येथे तुमचे सापशिडीचे पट कामाला येतात, पण जसेच्या तसे नव्हे. मूल अठ्ठावीसच्या घरात आहे आणि दान तीन पडले, तर ते ‘एक, दोन, तीन’ म्हणत सोंगटी सरकवते आणि एकतीसवर पोहोचते. या चालीत त्याने अठ्ठावीस पाहिले नाही, एकोणतीस उच्चारले नाही, आणि एकतीसवर आपण आलो हे त्याला ठाऊकही नसते. म्हणून नियम एकच बदलायचा. सोंगटी ज्या घरात पाऊल ठेवील त्या घराचे नाव मोठ्याने घ्यायचे : एकोणतीस, तीस, एकतीस. नाव चुकले तर समोरच्याने ते दुरुस्त करायचे आणि सोंगटी तेथेच थांबवायची. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतील बालवाडीच्या वयाच्या मुलांना शंभरपर्यंतच्या पटावर खेळवून हेच तपासले होते. घराची संख्या पुढे मोजत जाणाऱ्या मुलांची संख्यांची समज वाढली, ‘एक, दोन, तीन’ म्हणणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही. पट तोच, फासा तोच, तोंडातले शब्द वेगळे. त्यापूर्वी २००८ मध्ये सीगलर आणि गीता रमाणी यांनी याहून लहान मुलांना एक ते दहा संख्यांच्या सरळ पट्टीवर दोन आठवड्यांत चार छोट्या बैठकींत खेळवले होते. त्या मुलांची प्रगती झाली, आणि संख्यांऐवजी नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांची झाली नाही. तुमची मुले त्या मुलांहून मोठी आहेत, पण ज्या मुलाच्या डोक्यात अजून एकोणतीस आणि एकोणचाळीस यांची अदलाबदल होते, त्याला हा मार्ग लागू पडतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

दुसरा बदल पटाच्या आखणीत करावा लागेल. बाजारी सापशिडीची घरे नांगराच्या तासासारखी वळत जातात, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे, त्यामुळे वीसच्या डोक्यावर एकवीस बसतो. पडवीतल्या फरशीवर खडूने तुम्ही स्वतः पट आखा आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. मग सातच्या वर सतरा, त्याच्या वर सत्तावीस, त्याच्या वर सदतीस असा सातांचा खांब उभा राहतो, आणि एक घर वर चढणे म्हणजे दहा मिळवणे हे सांगावे लागत नाही. शिड्याही मग सरळ उभ्या काढा. ‘दोन घरांची शिडी चढलास, कितीवर पोहोचलास?’ हा प्रश्न पाहून उत्तर देण्याआधी विचारा. पावसाळ्यात पडवीत झड येते आणि खडू पुसला जातो, ते दरवर्षीचेच आहे. पुन्हा आखण्याचे काम चौथीच्या मुलांना द्यावे, कारण शंभर घरे क्रमाने आखणे हाही सरावच आहे.

थोडे विषयांतर करते. सापशिडीचे जुने रूप असलेल्या ज्या मोक्षपटाचे नाते परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडले जाते, त्यात घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत, आणि घसरणे म्हणजे त्या दुर्गुणाने घसरणे असे. खेळातली चाल हाच तेथे धडा होता. पुढे घरांत नुसते आकडे उरले, आणि आता आपण त्या आकड्यांकडेही न पाहता सोंगट्या सरकवतो.

भागाकारासाठी मी वापरत असे तो खेळ अगदी साधा आहे. मुले त्याला ‘बाकी माझी’ म्हणत. दोघांत मिळून साठ चिंचोके आणि एक फासा लागतो. ज्याची पाळी असेल त्याने साठांपैकी हवे तेवढे चिंचोके मोजून घ्यायचे, किती घेतले ते सांगायचे आणि मग फासा टाकायचा. जेवढे दान पडेल तेवढ्या-तेवढ्यांचे गट करायचे, आणि जे उरतील तेवढे त्याचे गुण. गुण वहीत मांडायचे, चिंचोके परत ढिगात टाकायचे. तेवीस घेतले आणि पाच पडले, तर चार गट होतात आणि तीन उरतात, म्हणजे तीन गुण. येथे कोणी तीनच गट करून बाकी आठ ठेवून थांबला, तर समोरचा गप्प बसत नाही, कारण त्याला अजून एक गट होताना डोळ्यांनी दिसत असतो आणि त्यात त्याचा स्वार्थही असतो. भाजकाहून मोठी बाकी ठेवण्याची ती जुनी चूक मी लाल शाईने वर्षभरात जितकी सुधारली नसेन, तितकी ती मुलांनी एकमेकांशी भांडून आठवडाभरात सुधारली.

या खेळाची खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीला प्रत्येक मुलाला वाटते, की जास्त घेतले म्हणजे जास्त उरतील, आणि ते सगळे साठ ओढून घेते. साठाला एकापासून सहापर्यंत प्रत्येक संख्येने निःशेष भाग जातो, त्यामुळे दान काहीही पडो, हाती शून्य येते. दोन-तीनदा शून्य आले की मूल चिडते, आणि त्या क्षणी तुम्ही काहीही समजावू नका. माझ्या वर्गातली एक मुलगी, जी फळ्यापाशी बोलावले की पदराआड लपावे तशी मैत्रिणीच्या पाठीमागे लपायची, तिने एक दिवस सगळे साठ ओढून घेतले, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले, आणि एक चिंचोका हळूच परत ढकलला. दान सहा पडले, पाच उरले. पुढच्या पाळीला कोणी आपल्या आधी उचलेल या भीतीने ती ओरडली, ‘माका एकुणसाठच व्हयेत!’ एकोणसाठ घेतले तर दोनच्या दानाला एक उरतो, तीनच्या दानाला दोन, चारला तीन, पाचला चार आणि सहाला पाच, म्हणजे प्रत्येक वेळी मिळू शकेल तेवढी सर्वांत मोठी बाकी. एकने मात्र काहीच उरत नाही, त्याला इलाज नाही. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे हे तिला त्या दिवशी उमगले, आणि पुढे सहावीत लसावि शिकवताना मी फळ्यावर साठ लिहिले तेव्हा तीच म्हणाली, ‘ह्यो तो चिंचोक्यांचो आकडो.’

एवढे सापडले, की खेळ संपतो, कारण मग सगळेच एकोणसाठ मागू लागतात. त्या दिवशी ढीग पन्नासाचा करा आणि कोणती संख्या घ्यावी ते मुलांना नव्याने शोधू द्या. तिसरीच्या मुलांना तीस पुरेत, नाहीतर गट करण्यातच तासिका संपते.

सहावी-सातवीसाठी पूर्णांक संख्यांचा एक खेळ सांगते, कारण ऋण संख्या वजा करताना चिन्ह का बदलते हे नियम पाठ करून कळत नाही. भिंतीवर खडूने उभी संख्यारेषा काढा, मधोमध शून्य, वर दहापर्यंत आणि खाली उणे दहापर्यंत. शून्य म्हणजे जेट्टीची मधली पायरी समजा. ‘भरती ३’, ‘ओहोटी ५’ अशी वीसेक कार्डे करा. खाली मांडलेल्या सर्व कार्डांची बेरीज म्हणजे पाण्याची पातळी. एका गटाला पाणी पाचवर न्यायचे आहे, दुसऱ्याला उणे पाचवर. पाळी आली की हातातले एक कार्ड मांडायचे, किंवा मांडलेल्यांपैकी एक उचलून घ्यायचे. ओहोटी दोनचे कार्ड कोणी उचलले की पाणी दोनने वर चढते, आणि उणे दोन वजा करणे म्हणजे दोन मिळवणे हे मुलाने स्वतःच्या फायद्यासाठी केलेले असते. समुद्रकाठची मुले आहेत, ‘सर, ओहोटी अशी उचलून घेता येत नाय’ असे कोणीतरी म्हणणारच. त्याचे म्हणणे मान्य करावे आणि खेळ पुढे चालू ठेवावा.

सगळे विषय याला सारखे मानवत नाहीत, हेही मोकळेपणाने सांगते. इतिहासाचे आणि परिसर अभ्यासाचे म्हणून जे खेळ मिळतात, ते बहुतेक प्रश्नमंजूषाच असतात आणि त्यांत दरवेळी तीच तीन मुले जिंकतात. फाशाच्या खेळात नशिबाचा अंश असतो म्हणून मागे पडणारे मूलही मधूनमधून जिंकते आणि पुन्हा खेळायला येते, ही गोष्ट लहान वाटली तरी लहान नाही. भाषेसाठी मात्र एक खेळ जरूर करावा : कार्डावरच्या वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करायचे आणि जोडीदाराने ओळखायचे. पहिल्या फेरीत मालवणी चालू द्या. तुम्ही घाटावरचे असल्यामुळे तुम्हांलाच अर्धे कळणार नाही, मुले तुम्हांला समजावून सांगतील, आणि समजावता समजावता त्यांना प्रमाण मराठीतले शब्द शोधावे लागतील.

मुख्याध्यापकांच्या काळजीकडे वळते. ती खोटी नाही, तेव्हा तिला तासिकांच्या हिशेबानेच उत्तर द्यावे. एखाद्या घटकाला आठ तासिका असतील, तर त्यांपैकी दोन खेळाला द्या, आणि त्या सराव-उदाहरणांच्या तासिकांतून काढा, कारण हे खेळ सरावाचीच जागा घेतात. प्रत्यक्ष खेळ वीस मिनिटे, आणि उरलेल्या वेळात प्रत्येक मुलाने आपल्या डावातल्या तीन चाली वहीत उदाहरणे म्हणून मांडायच्या : २३ ÷ ५, भागाकार ४, बाकी ३. वहीची ही दहा मिनिटे गाळू नका. खेळातले ज्ञान खेळातच राहते आणि चाचणीच्या कागदावर उतरत नाही, या तुमच्या अनुभवाचे एक कारण हे वहीशिवायचे खेळणेही असावे. खेळाला शनिवारवर ढकलण्याचा मोह होईल, विशेषतः ‘आनंददायी शनिवार’ हा शासनाचा उपक्रम हाताशी असताना. तो टाळा. मंगळवारी भागाकार शिकवायचा असेल तर चिंचोके मंगळवारीच निघाले पाहिजेत.

नोंदींसाठी वेगळी वही करण्याची गरज नाही. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक, म्हणजे शिकवता-शिकवताच करायच्या, मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण आणि उपक्रम-कृती ही दोन्ही आहेत. ‘बाकी भाजकापेक्षा लहान असावी हे डावात स्वतःहून ओळखले’ ही एक ओळ त्या मुलाच्या नावापुढे लिहिलीत, की ती खेळाची नोंदही झाली आणि मूल्यमापनाचीही. मुख्याध्यापकांना शासकीय आधार हवाच असेल, तर पायाभूत स्तराचा, म्हणजे दुसरीपर्यंतचा, २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळाधारित शिक्षणावरच उभा आहे, आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ ही खेळणी-कोड्यांची पेटीही त्याच आधारावर आली, हे दाखवता येईल. तिसरीपासून पुढच्या वर्गांना मात्र तो आधार ताणून लावू नका. तेथे तुमच्या वह्या हाच पुरावा.

सभेत बोललेल्या त्या पालकांवर रागावू नका. त्यांनी टॅबवरची होडी पाहिली असेल, आणि होडीबद्दल त्यांचे मत माझ्यासारखेच आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत चहा येईपर्यंत त्यांच्यापुढे साठ चिंचोके आणि फासा ठेवा, काही समजावू नका, फक्त गुण मांडायला कोणा चौथीतल्या मुलाला बसवा. पेटीत किती डझन बसतात आणि किती फळे उरतात हा हिशेब दर उन्हाळ्यात करणारी माणसे आहेत. ती एकोणसाठवर तुमच्या मुलांपेक्षा लवकर पोहोचतील, किंवा पोहोचणार नाहीत आणि मूल त्यांना सांगेल. दोन्हींपैकी काहीही झाले तरी तुमचे काम होते.

टॅब परत करू नका, चाकरमान्यांचे मन मोडेल. ते अ‍ॅप मात्र काढून टाका. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ (PhET) या गणित-विज्ञानाच्या मोफत संग्रहात अपूर्णांक जुळवण्याचा आणि फळीचा तोल साधण्याचा असे दोन खेळ आहेत, ज्यांत चाल आणि गणित एकच आहे. संग्रहातले बरेच साहित्य मराठीत उपलब्ध आहे आणि एकदा उतरवून घेतले की रेंज नसतानाही चालते. तोल साधण्याचा खेळ सहावीच्या विज्ञानातील साध्या यंत्रांच्या पाठाबरोबर घ्या. एका टॅबवर दोन मुले बसवा, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने बोट लावायचे, आणि दर डावाला अदलाबदल करायची. कोणत्याही अ‍ॅपने मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा फोटो मागितला तर ते तेथेच बंद करा. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे, आणि ती जबाबदारी अंगावर घेण्याचे तुम्हांला काही कारण नाही.

सापशिडीचे जुने पट मधल्या सुटीसाठी ठेवा. तेथे मुलांना हवे तसे खेळू द्या, घरांची नावे घेण्याची सक्ती तेथे नको.

चिंचोके गावातच मिळतील. फोलकटे पाखडून, उन्हात दोन दिवस वाळवून, साठ-साठ मोजून डब्यांत भरा, आणि दर शनिवारी डबे पुन्हा मोजा. माझ्या वर्गातल्या एका डब्यात साठांचे बावन्न झाले होते, आणि शाळेमागच्या आवारात भाजलेल्या चिंचोक्यांचा वास येत होता.